चोवीस दप्तरांची खरेदी

जूनचा पहिला आठवडा. आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस काही पडत नव्हता. सकाळी साडेनऊला आम्ही तिघी कोंढव्याहून स्वारगेटच्या बसमध्ये बसलो. आमच्यातल्या आपा दोन वर्षांपूर्वी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. भाभी घरी शिलाई करतात. तिसरी या ओळी लिहिणारी, शाळेत उर्दू आणि मराठी शिकवणारी शिक्षिका. सोबत रिकाम्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, हिशेबाची वही, दोन पाकिटं आणि भाभींच्या मिक्सरचं गळकं भांडं.

त्या भांड्याचा आमच्या कामाशी काही संबंध नव्हता. पण बोहरी आळीत जायचं आणि घरची दोन कामं उरकून यायची नाहीत, हे भाभींना पटत नाही. आपांना घड्याळाचा पट्टा बदलायचा होता. शाळा उघडायला आठ-दहा दिवस होते, घाई नव्हती. सगळं आटोपलं की कॅम्पात जाऊन बिर्याणी खायची, असाही एक बेत होता. बिर्याणी अर्थात आपापल्या पैशांची.

दोन पाकिटं आणि एक पर्स

खरेदी होती मोहल्ल्यातल्या तेवीस मुलांच्या शाळेच्या साहित्याची. पैसे दोन वाटांनी जमतात. नऊ घरं दरमहा शंभर रुपये सदका म्हणून बाजूला ठेवतात, त्याचे वर्षाचे १०,८०० रुपये झाले. तीन घरांचं जकातीचं वर्ष या सुमारास पूर्ण होतं, त्यांच्याकडून १६,८०० रुपये आले. एकूण २७,६०० रुपये, म्हणजे एका मुलामागे १,२०० रुपये.

ही रक्कम आम्ही एकत्र करत नाही. जकात कोणाला द्यायची हे ठरलेलं आहे. सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत तिच्या आठ हक्कदारांची यादी आहे. त्यामुळे जकातीचं पाकीट जकातीला पात्र असलेल्या घरांसाठीच उघडतं. सदक्याच्या पाकिटाला इतकी बंधनं नाहीत. आमच्या यादीत शेजारच्या वस्तीतली चार हिंदू मुलंही आहेत, त्यांचं साहित्य या दुसऱ्या पाकिटातून येतं. दोन्ही पाकिटांचा हिशेब वहीच्या दोन वेगळ्या पानांवर असतो.

बसचं तिकीट, रिक्षा, चहा, टेम्पोचं भाडं यांतलं काहीही या पाकिटांतून जात नाही. जकातीचा पैसा हक्कदाराच्या मालकीचा झाला पाहिजे, तो आमच्या येण्याजाण्यात खर्च झाला तर जकात तितकी कमी पोहोचली, असं आपा पहिल्या वर्षापासून सांगत आल्या आहेत. म्हणून वरखर्चासाठी तिसरी, आमची स्वतःची पर्स.

स्वारगेट यायच्या आत भाभींचा फोन वाजला. मोहल्ल्यातल्या एका बाईंचा होता. नवरा रिक्षा चालवतो, महिनाभरापूर्वी अपघातात पाय मोडला, घरी बसून आहे. मुलगी चौथीत गेली आहे. "यादीत एक नाव वाढवता येईल का?" एवढंच विचारलं. भाभींनी "बघतो, इन्शाअल्लाह" म्हणून फोन ठेवला आणि आमच्याकडे पाहिलं. यादी तेवीसची, पैसे तेवीसचे, आणि आता नाव चोविसावं.

गेल्या वर्षीची हिरवी दप्तरं

यंदाची खरेदी कशी झाली हे सांगायच्या आधी गेल्या वर्षीची आमची चूक सांगायला हवी.

गेल्या वर्षी आम्ही फार हुशारीनं खरेदी केली होती. एकाच नमुन्याची, एकाच हिरव्या रंगाची दप्तरं घाऊक भावात घेतली. दप्तरामागे बरेच पैसे वाचले. घरी येऊन हिशेब केला तेव्हा आम्हाला स्वतःचं कौतुक वाटलं. मुलांना ती वाटली, आयांनी दुवा दिल्या, आम्ही खूश झालो.

शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले. सहावीतली एक मुलगी रोज वह्या छातीशी धरून येताना दिसायला लागली. दप्तर कुठे आहे विचारलं तर म्हणाली, शिवायला टाकलंय. आठवड्यानं पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. शेवटी मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवलं, तेव्हा हळूच म्हणाली, "मिस, ती हिरवी बॅग घेतली की मुलं म्हणतात, जकातवाली आली."

वर्गात हिरव्या दप्तराची सहा मुलं होती. बाकीच्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं, सांगायची गरजही नव्हती. एकसारखा रंग पाहून मुलांनी आपापलं ओळखलं. आम्ही कोणाचं नाव जाहीर केलं नाही, फोटो काढले नाहीत, भाषणं केली नाहीत, या समाधानात होतो. आणि ती सहा मुलं वर्षभर पाठीवर पाटी घेऊन फिरत होती.

दान करून वर उपकाराची आठवण देऊ नका, घेणाऱ्याला दुखवू नका, नाहीतर दानच वाया जाईल, असा इशारा सूरह बकराच्या २६४व्या आयतीत आहे. हे आम्ही मुलांना शिकवतो. पण दुखवायला तोंडानं बोलावंच लागतं असं नाही, हे त्या मुलीनं आम्हाला शिकवलं.

बोहरी आळीतला हिशेब

रविवार पेठेतली बोहरी आळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचं वर्णन नको. बोहरा व्यापाऱ्यांवरून नाव पडलेली ही गल्ली. खिळ्यांपासून दोरखंडापर्यंत आणि प्लास्टिकच्या डब्यांपासून कुलपांपर्यंत सगळं इथे घाऊक मिळतं. हातगाडी, स्कूटर आणि डोक्यावर खोका घेतलेला हमाल एकाच वेळी एकाच जागेतून जातात, आणि कोणी कोणावर चिडत नाही. मिक्सरचं भांडं दुरुस्तीला टाकलं, "तासाभरानं या," असं उत्तर मिळालं. घड्याळाचा पट्टा पाच मिनिटांत झाला.

मग दप्तरांच्या दुकानात शिरलो. दुकानदार ओळखीचे, वयानं आमच्या अब्बांएवढे. गेल्या वर्षीची खरेदी त्यांच्या लक्षात होती. आल्या आल्या त्यांनी एक गठ्ठा पुढे ओढला. "या वेळी निळा आहे. कापड पहिल्यापेक्षा जाड. तेवीस एकदम घ्या, २९० ला लावतो."

आम्ही म्हणालो, "चाचा, या वेळी सगळी वेगवेगळी हवीत. रंग वेगळा, नमुना वेगळा."

त्यांनी चष्मा वर केला. वेगवेगळी म्हणजे प्रत्येक गठ्ठा फोडायचा, उरलेला माल सुटा विकायचा. ३७० म्हणाले. आम्ही ३२० म्हणालो. चहा आला. आपांनी दप्तरांच्या आतली शिवण उलटून पाहिली, भाभींनी चेन वीस वेळा पुढे-मागे केली आणि दोन दप्तरं बाजूला काढली. शिलाई करणारी बाई सोबत असली की दुकानदारही फार बढाया मारत नाही. पट्टा जिथे जोडलेला असतो तिथे दुहेरी टीप आहे का, तळाला अस्तर आहे का, हे पाहायचं आम्ही त्यांच्याकडून शिकलो. शेवटी ३४० वर जमलं.

जमलं खरं, पण आपांनी वही उघडली. एकसारखी २९०, वेगवेगळी ३४०. दप्तरामागे ५० रुपये जास्त. तेवीस मुलांचे १,१५० रुपये. आपांनी पेन खाली ठेवलं. "एवढ्यात ती चौथीतली मुलगी बसते."

कोणी काही बोललं नाही. रंग आणि नमुन्यासाठी एका मुलीचं साहित्य सोडायचं का? ज्या घरात वहीलाही पैसे नाहीत तिथे दप्तर कसं दिसतं याचा विचार करणं ही आपली चैन तर नव्हे? भाभी म्हणाल्या, "भूक लागलेल्याला ताट कसं आहे हे विचारत नाहीत." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

पण त्याच सूरहच्या २६७व्या आयतीचा आशयही आम्हाला आठवत होता. जी वस्तू तुम्हाला कोणी दिली तर डोळे मिटूनच घ्याल, ती निवडून दानात देऊ नका. निळं दप्तर वाईट नव्हतं. कापड तर चांगलंच होतं. पण आमच्या स्वतःच्या मुलीला आम्ही असं दप्तर दिलं असतं का, जे बघून वर्गाला कळेल की हे कुठून आलं? आपांनी थोडा वेळ वहीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वेगवेगळीच घ्या. त्या मुलीचं बघू. दिवस अजून बराच बाकी आहे."

तेवीस दप्तरं निवडायला तास लागला. नंतर ९५ रुपयांच्या पाण्याच्या बाटल्या, आणि पाचवीच्या पुढच्या नऊ मुलांसाठी ७५ रुपयांच्या कंपासपेट्या घेतल्या. तेवढ्यात जुहरची वेळ झाली. पेठेत बायकांना नमाजसाठी जागा शोधणं सोपं नसतं. चाचांनी न विचारता माळ्यावरचे खोके सरकवून जागा केली, स्वच्छ चादर अंथरून दिली. खाली भावावरून आवाज चढलेले, वर आम्ही सज्द्यात. नमाज झाल्यावर मिक्सरचं भांडं घेतलं. अल्हम्दुलिल्लाह, ते गळायचं थांबलं होतं.

वही म्हणजे नुसती वही नव्हे

तिथून पायी निघालो. बुधवार पेठेत भिडे वाड्याच्या जागेपाशी आपा नेहमी क्षणभर थांबतात. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा सुरू केली ती इथे. त्या कामात त्यांच्या सोबत फातिमा होत्या. १८५६ साली सावित्रीबाईंनी माहेराहून, नायगावहून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांचा उल्लेख येतो. आपल्यामागे फातिमावर कामाचा ताण पडत असेल, पण ती तक्रार करणारी नाही, अशा अर्थाचा. जुना वाडा आता नाही. पण मुलींच्या वह्या घ्यायला निघालेल्या तीन बायकांनी तिथून मान वर न करता जाणं बरं दिसत नाही, असं आपांचं म्हणणं.

अप्पा बळवंत चौकात जूनमध्ये पाय ठेवायला जागा नसते. पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं सरकारी आणि अनुदानित शाळांत मोफत मिळतात. घरावर खरा भार पडतो तो वह्यांचा, दप्तराचा, बुटांचा. आणि वह्या वाटणाऱ्यांची एक चूक आम्ही दरवर्षी वर्गात पाहतो. पहिलीच्या मुलाला मिळतात एकरेघी वह्या. त्याला हवी असते चौकटीची आणि दुरेघी. इंग्रजीच्या अक्षरांसाठी चाररेघी लागते. आठवीच्या मुलाला चौकटीच्या बारा वह्या दिल्या तर तो त्यांचं काय करणार?

उर्दू माध्यमाच्या मुलांची अडचण आणखी वेगळी. उर्दू उजवीकडून लिहायची, पण बाजारातल्या वहीत लाल समासाची रेघ डावीकडे. मूल वही मागच्या बाजूनं उघडतं, तरी समास चुकीच्याच कडेला राहतो. वही उलटी फिरवली तर समास जागेवर येतो, पण वरची मोकळी जागा खाली जाते. म्हणून आम्ही उर्दूच्या मुलांसाठी समास नसलेल्या वह्या मागतो. दुकानदारानं आधी "घ्या हो, चालतं," म्हणून पाहिलं. चालत नाही, हे आम्हाला वीस वर्षं वह्या तपासून ठाऊक आहे.

इयत्तेप्रमाणे यादी आधीच केलेली होती. तेवीस मुलं, प्रत्येकी एक डझन, एकूण २७६ वह्या. सुरुवात ४३० रुपये डझनानं झाली. इथे मात्र आम्ही मागे हटलो नाही. दुकान मोठं, माल भरपूर, आणि शाळा उघडल्यावर हाच गठ्ठा आठ महिने पडून राहणार, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. दोनदा पायरी उतरलो, दोनदा परत बोलावलं. ४०० वर सौदा झाला.

रुमालवाली

भाव पाडायची नशा असते. वह्यांत जिंकलो होतो, त्याच झोकात तुळशीबागेकडे वळलो. फुटपाथवर एक बाई हातरुमाल विकत बसली होती. पावसाळ्यात मुलांना रुमाल लागतोच. १५ रुपयाला एक. भाभींनी लगेच सुरू केलं. "तेवीस घेणार आहोत. १० ला लाव."

"नाही परवडत ताई."

"अगं, गरीब मुलांसाठी नेतोय. पुण्याचं काम आहे. तुलाही सवाब मिळेल, पुण्य लागेल."

ती रुमालांच्या घड्या सारख्या करत म्हणाली, "माझी पोरगी बी सातवीला हाय ताई."

भाभी गप्प झाल्या. आम्ही घाईनं म्हणालो, "मग तिलाही वह्या देतो ना." पिशवीकडे हातही गेला.

"वह्या राहू द्या. तिच्या वह्या मी घेते. ह्यातूनच घेते. रुमालाचा भाव तेवढा पाडू नका."

२३ रुमालांवर आम्ही वाचवणार होतो ११५ रुपये. तेही कोणाच्या ताटातून? एका आईच्या हातातून काढून दुसऱ्या आईच्या हातात ठेवायचे, आणि मध्ये सवाब आमच्या नावावर! पूर्ण भावानं रुमाल घेतले. तिनं मोजून दिले, वर एक जास्तीचा ठेवला. नको म्हटलं तर म्हणाली, "तो माझ्याकडनं. पोरांसाठी." तिचा रुमाल परत करण्याची हिंमत आमच्यात नव्हती.

बराच वेळ आम्ही न बोलता चाललो. दानाच्या पैशात घासाघीस करू नये, असं आम्हाला वाटत नाही. उलट करावी. तो पैसा आपला नाही, अमानत आहे, उधळायचा अधिकार आपल्याला नाही. फक्त समोर कोण आहे हे बघून करावी. ज्याच्या गोदामात माल भरला आहे तिथे पायरी उतरावी, पुन्हा चढावी. जो सकाळी उसना माल आणून संध्याकाळी चूल पेटवतो, त्याच्याकडे भाव विचारावा आणि पैसे द्यावेत.

चोविसावं नाव

मंडईजवळच्या टपरीवर चहा घेता घेता आपांनी हिशेब मांडला. दप्तरं ७,८२०. वह्या ९,२००. कंपासपेट्या ६७५. बाटल्या २,१८५. रुमाल ३४५. राहिले बूट. बूट आम्ही बाजारातून आणत नाही. माप चुकलं की मूल वर्षभर टाच मोडून चालतं. मोहल्ल्यातल्या दुकानदाराशी ३१० रुपये जोडी ठरवलेली असते. मूल आईसोबत जातं, घालून बघतं, घेऊन येतं. हिशेब दुकानदार नंतर आम्हाला सांगतो. त्याचे ७,१३०. एकूण २७,३५५. शिल्लक २४५.

चौथीतल्या मुलीला कंपासपेटी लागणार नव्हती. रुमाल धरून तिचे होत होते १,१६०. म्हणजे कमी पडत होते ९१५.

आपा म्हणाल्या, "प्रत्येकी ३०५."

भाभींनी पर्स उघडली, मग आमच्याकडे पाहून हसल्या. "आपा, बिर्याणी गई अपनी."

गेलीच. आम्ही तिघींनी टपरीवर उभ्यानं वडापाव खाल्ला. तीनशे पाच रुपये म्हणजे काही मोठी कुर्बानी नव्हे, हे आम्हाला कळतं. घरात महिन्याला तेवढं कशावरही जातं. पण सकाळपासून ज्या प्रश्नाला आम्ही दुसऱ्यांच्या पैशांत उत्तर शोधत होतो, त्याचं उत्तर तिसऱ्या पर्समध्ये होतं. तिकडे सर्वांत शेवटी लक्ष गेलं, याची थोडी शरम वाटली. आम्ही परत जाऊन चोविसावं दप्तर, बाटली आणि एक डझन वह्या घेतल्या. रुमालवालीकडेही पुन्हा गेलो. तिनं दिलेला जास्तीचा रुमाल होताच, पण तो आम्ही हिशेबात धरला नव्हता. एक रुमाल १५ रुपये देऊन घेतला. ती हसली.

टेम्पो कोंढव्यात पोहोचला तेव्हा असरची वेळ निघून चालली होती. आणि पाऊस सुरू झाला होता.

भाभींच्या खोलीतलं दुकान

गेल्या वर्षी आम्ही मुलांना बोलावून एका रांगेत साहित्य दिलं होतं. या वर्षी भाभींच्या शिलाईच्या खोलीत दप्तरं दोरीवर टांगली, वह्या इयत्तेप्रमाणे फळीवर लावल्या. त्या खोलीत बायका कपडे शिवायला येतातच, कोण कशासाठी आलं हे बाहेर कोणाला कळत नाही. आयांना सांगितलं, चार दिवसांत सवडीनं मुलाला घेऊन या, जे आवडेल ते घ्या. वस्तू साध्या कापडी पिशवीत घालून दिल्या. जास्तीचा रुमाल दोरीच्या टोकाला लावला होता. कोणीतरी लहानग्यानं तो कधी उचलला, आम्हाला कळलंही नाही.

गेल्या वर्षीची ती मुलगी, आता सातवीतली, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आईसोबत आली. आम्ही तिच्यासाठी मनात एक जांभळं, फुलांचं दप्तर धरून ठेवलं होतं. तिनं सगळी पाहिली. जांभळं हातात घेतलं, परत ठेवलं. कोपऱ्यातलं साधं काळं उचललं.

"हेच आवडलं?" भाभींनी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "असं आमच्या वर्गात पुष्कळ जणींकडे आहे."

तिनं पट्टा खांद्यावर अडकवून पाहिला, दोन बोटं आखूड केला आणि आईच्या पुढे दार ओलांडून गेली. जांभळं दप्तर दुसऱ्या दिवशी त्या चौथीतल्या मुलीनं नेलं.